कामाच्या दौऱ्यात लष्करी विमानांचे संग्रहालय कसे पाहावे

कामानिमित्त परगावी गेल्यावर विमान संग्रहालयासाठी जेमतेम दोन-तीन तास हाती लागतात, आणि तेवढ्यात सगळी दालने पालथी घालायला गेल्यास एकही विमान धड पाहून होत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वीच संकेतस्थळावरील यादीतून चार-पाच विमाने निश्चित करावीत आणि ती त्या दिवशी खरोखर दालनात आहेत ना, याची चौकशी करावी. डागडुजीसाठी विमाने हलवलेली असतात.

भेट बैठका आटोपल्यावर ठेवावी, म्हणजे मन घड्याळात अडकत नाही. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळालगत असलेले स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेचे उद्वार-हाझी केंद्र हे विमान संग्रहालय परतीच्या दिवशी पाहायला फार सोयीचे आहे. साप्ताहिक सुटी आधी तपासावी, मोठे सामान हॉटेलातच ठेवावे आणि संग्रहालय हवाई तळाच्या आवारात असल्यास ओळखपत्राचे व परकीय नागरिकांसाठीचे नियम आठवडाभर आधी विचारून घ्यावेत. या भेटीचा खर्च कार्यालयाच्या प्रवासखर्चात मिसळू नये, हे सांगायलाच हवे.

आत गेल्यावर लगेच फलक वाचू नये. आधी विमानाला सावकाश एक प्रदक्षिणा घालावी, कारण त्याचे काम त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. पंख दुमडण्याच्या बिजागऱ्या आणि शेपटीखालचा, उतरताना डेकवरची तार पकडणारा हूक दिसला, की ते विमानवाहू नौकेवरचे आहे हे उमगते. हॅरिअर या सरळ वर उडू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या दोन्ही कुशींना मिळून चार फिरती झोतमुखे असतात. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा आणि मागच्या दोहोंतून इंजिनाचा तप्त झोत निघतो, म्हणूनच मागच्या मुखांलगतच्या पत्र्यावर उष्णतारोधक आवरण दिसते.

एसआर-७१ या अमेरिकी टेहळणी विमानासमोर मात्र मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. उद्वार-हाझी केंद्रातील एसआर-७१ने ६ मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनपर्यंतचे अंतर १ तास ४ मिनिटे २० सेकंदांत कापले आणि त्याच उड्डाणाने ते संग्रहालयाच्या स्वाधीन झाले. त्याच्या पंखाच्या आतील भागाचा पत्रा लांबीच्या दिशेने पन्हळी आहे: ध्वनीच्या तिप्पट वेगात तापून प्रसरण पावताना तो वेडावाकडा होऊ नये, यासाठी केलेली ही योजना होती. ती दुरून दिसत नाही. पंखाकडे तिरप्या नजरेने पाहावे लागते.

याच केंद्रात हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब टाकणारे एनोला गे हे बी-२९ विमानही आहे. ते उंच आधारांवर ठेवलेले असल्याने खालून पोट आणि वरच्या मार्गिकेवरून काचेचे नाक, असे दोन्ही ठिकाणांहून पाहावे. तेथे छायाचित्रांची घाई करू नये.

अनेक संग्रहालयांत निवृत्त वैमानिक आणि तंत्रज्ञ स्वयंसेवक म्हणून उभे असतात. त्यांना ‘या विमानाबद्दल सांगा’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘यात सर्वाधिक दुरुस्ती कशाची निघायची?’ असे विचारावे आणि त्या उत्तरासाठी शेवटची वीस मिनिटे राखून ठेवावीत.