आयसीयूत नवीन लागताय? आधी ट्रान्सड्यूसर कुठे टांगलाय ते बघा

जीएनएम किंवा बीएस्सी झालं, रजिस्ट्रेशन झालं आणि इंदुरातल्या कुठल्यातरी आयसीयूची ऑर्डर हातात पडली, की सुरुवातीला झोपेतसुद्धा अलार्म वाजतात. घाबरू नका, ते थांबतं. सक्शन, जीसीएस, व्हेंटिलेटरचे मोड, डोकं ३० अंशांवर का ठेवायचं, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालते. मला लिहायचंय ते आर्ट लाइनच्या, म्हणजे धमनीत घालून सतत प्रेशर दाखवणाऱ्या नळीच्या, आकड्याबद्दल. कॉलेजात हा विषय दोन ओळींत उरकतात, आणि त्यानेच मला चांगलं गंडवलं होतं.

नेहमीचा पेशंट घ्या. सेप्टिक शॉक, म्हणजे इन्फेक्शनमुळे प्रेशर कोसळलेलं, खरगोन नाहीतर झाबुआकडून रात्री अँब्युलन्सने आलेला. कल्चर पाठवलं, पहिल्या तासात अँटिबायोटिक गेलं, फ्लुइड दिलं, तरी प्रेशर उचलत नाही म्हणून नॉरॅड (नॉरअॅड्रेनलिन, प्रेशर वाढवणारं औषध) सुरू आणि मनगटात आर्ट लाइन. सर सांगून जातात, ‘मीन (सरासरी प्रेशर) ६५ च्या खाली जाऊ देऊ नका.’ मग रात्रभर तुम्ही त्या लाल आकड्याकडे बघून नॉरॅड वर-खाली करणार.

तो आकडा येतो ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे दाब मोजून मॉनिटरला कळवणाऱ्या छोट्या सेन्सरमधून, आणि मनगटापासून तिथपर्यंत सलाइनने भरलेली नळी असते. त्या सलाइनचाही दाब पडतो. म्हणून ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला हवा: चौथी इंटरकोस्टल स्पेस आणि काखेची मधली रेघ जिथे मिळतात, तिथे. १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा साधारण ७.५ mmHg ने फुगतो, वर गेला की तेवढाच घटतो. माझी वीत २० सेंटिमीटरची आहे. म्हणजे वीतभर चूक झाली की १५ चा फरक.

आता हे घडतं कसं ते बघा. ट्रान्सड्यूसर स्टँडला अडकवलेला. ड्रेसिंग करताना वाकायला लागू नये म्हणून कुणीतरी बेड वर घेतला. पेशंट वर गेला, ट्रान्सड्यूसर होता तिथेच राहिला. मॉनिटर दाखवतो मीन ७०, खरं असतं ५५. तुम्ही खुशीत नॉरॅड कमी करता. दोन तासांनी युरोबॅगेत नव्याने काही उतरलेलं नसतं, लॅक्टेट (शरीराला रक्त अपुरं पडत असल्याची खूण) चढलेलं असतं आणि सगळे किडनीला दोष देत बसतात. उलटंही होतं. बेड खाली घेतला, खरं ६८ असताना ५३ दिसतं, आणि गरज नसलेलं नॉरॅड चढवत नेलं की बोटं गार, निळसर व्हायला लागतात.

‘पण मी झीरो केलं होतं,’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय! झीरो करणं म्हणजे थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची चावी) हवेला उघडून मॉनिटरला सांगणं, की हा दाब शून्य धर. पातळी जुळवणं हे वेगळं काम आहे. झीरो कितीही नीट केलं असलं, तरी नंतर बेड हलला की पातळी गेलीच. म्हणून बेडची उंची बदलली, डोक्याकडचा भाग वर-खाली केला, पेशंटला कुशीवर वळवलं, सीटीहून परत आणलं, की प्रत्येक वेळी आधी ट्रान्सड्यूसर बघा. नॉरॅडला हात त्यानंतर.

मॉनिटरवरची प्रेशरची वेव्हही बघत जा. नळीत बुडबुडा किंवा गुठळी असली, मनगट दुमडलेलं असलं, की वेव्ह चपटी होते. सिस्टॉलिक कमी दिसतं, डायस्टॉलिक जास्त, मीन मात्र बऱ्यापैकी टिकतो. प्रेशर बॅग (सलाइन दाबून धरणारी पिशवी) ३०० वर आहे ना, तेही बघा. शंका आली तर दुसऱ्या हाताला कफ लावा, पेशंटचे हातपाय चाचपा. त्याला कुणी हसत नाही, आणि हसलंच तर हसू द्या.

नॉरॅडवरून आठवलं, ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती) घेताना ‘पाचवर चालू आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम की ८? पहिल्यात ताशी ६ मिली म्हणजे मिनिटाला ८ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात १६. सिरिंजवरचं लेबल स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या डोसच्या तक्त्यांचा मला मनस्वी राग आहे, कारण तो तक्ता कुठल्या डायल्यूशनचा, म्हणजे किती मिलीत किती औषध धरून केलेला, हे त्यात बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. कागदावर हिशेब करा. पंधरवड्यात तोंडी यायला लागतो.

सीनियरबद्दल माझं मत कुणाला आवडत नाही, तरी सांगते. ओरडणारी दीदी परवडली. ‘चलता है, लिख दो’ म्हणत तुमच्याकडून न मोजलेले आकडे चार्टवर भरून घेणारी गोड दीदी नको. तिच्यापासून लांबच राहा. एखाद्या रात्री पेशंट बिघडला, की त्या चार्टवर सही तुमची असते.

आणि सगळं एकटीने सांभाळायचंय असं समजू नका. काही कळेनासं झालं तर ‘सर, जरा इकडे या’ म्हणायला लाजू नका, रात्री तीन वाजतासुद्धा. मी अजूनही म्हणते. भेटीच्या वेळी रामबागेतली एखादी आजी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ‘अहो, ऐकू येतंय का?’ विचारते, तेव्हा मॉनिटरसमोरून बाजूला व्हा, तिला स्टूल द्या. सेडेशनवर आहेत म्हणजे ऐकतच नसतील असं नाही, तिला बोलू द्या.

आयएससीसीएमचा (क्रिटिकल केअरवाल्यांची भारतातली संस्था) क्रिटिकल केअर नर्सिंगचा डिप्लोमा लगेच करावा का, असं पुष्कळ जणी विचारतात. मी म्हणेन, आधी वर्षभर बेडसाइडला राहा. मग त्यातलं निम्मं तुम्हाला नुसतं वाचून पटेल, आणि उरलेल्या निम्म्यावर प्रश्न विचारता येतील.