प्रचारात बाईवर घसरले तर अर्ज कसा लिहायचा

माझ्या पहिल्या अर्जात एकच वाक्य होतं, ‘माझ्याविषयी अश्लील भाषा वापरली.’ डिसेंबर 2020, ग्रामपंचायतीची निवडणूक, आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. कचेरीतल्या माणसानं कागद वाचून विचारलं, ‘नेमकं काय म्हणाले?’ मागं दीर उभे, भोवती गावचीच माणसं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. अर्ज तिथंच पडला.

म्हणून आता कुणी माझ्याकडं अर्ज लिहायला आली, की जे सांगायला तिची जीभ रेटत नाही तेच आधी लिहायला लावते. ‘चूल सोडून हिला खुर्ची कशाला पायजे’ म्हटलं असेल तर शब्द न् शब्द तसंच. ‘रात्री कुणाच्या गाडीतनं येती विचारा’ म्हटलं असेल तर तेही. जात काढली असेल तर ज्या शब्दानं काढली तो शब्द. ‘जातिवाचक शिवीगाळ’ एवढ्यावर भागत नाही. बोलणारा कन्नडात बोलला असेल तर वाक्य कन्नड लिपीत उतरवून घ्या, खाली मराठीत अर्थ. आमच्याकडं निम्म्या शिव्या दोन्ही भाषांची खिचडी असतात. त्या सोवळ्या करत बसू नका. हात थरथरला तर शेजारणीला लिहायला सांगा.

वर तारीख, वेळ, जागा. ‘मारुतीच्या देवळासमोर’ चालतं, ‘गावात’ चालत नाही. बोलणारा कोण, प्रचार कुणाचा, ऐकलं कुणी. साक्षीला नुसती आपल्या पॅनेलची माणसं नकोत. दुकानदार, दूध घालायला आलेला पोरगा, असे दोघं बघा.

मराठीत अर्ज देता येतो. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमानं दिलाय. तरी मी कन्नड भाषांतर जोडते. प्रचाराचे दिवस मोजके, ते वादात घालवायचे नाहीत.

विधानसभा-लोकसभेला तक्रारीसाठी केंद्रीय निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. गॅलरीतला जुना व्हिडिओ त्यात चढत नाही. ॲप उघडूनच, 2 मिनिटांपर्यंतचा घ्यावा लागतो. म्हणजे सभेला जायच्या आधीच ते फोनवर हवं. फोन करायचा तर 1950. ग्रामपंचायतीचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडं, तिथं अर्ज निवडणूक अधिकाऱ्याला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

आता कलमं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 123(3) मध्ये धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागायला किंवा देऊ नका म्हणायला बंदी आहे. ती यादी मी दोनदा वाचली. बाई कुठंच नाही! बाईसाठी 123(4) धरायचं: उमेदवाराच्या चारित्र्यावर जाणूनबुजून केलेलं खोटं विधान. पण त्यासाठी निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात याचिका लागते, तीही विधानसभा-लोकसभेपुरती. पोलिसांकडं जायचं तर भारतीय न्याय संहितेचं 79 वं कलम, 3 वर्षांपर्यंत कैद. बाई दलित किंवा आदिवासी असेल आणि चारचौघांत जात काढली असेल, तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदाही लिहा. केंद्रीय निवडणूक आयोग स्वतः करतो ती शिक्षा लहानच: हेमा मालिनींवर बोलल्याबद्दल 2024 मध्ये रणदीप सुरजेवालांना 48 तास प्रचारबंदी, 2019 मध्ये जयाप्रदांवर बोललेल्या आझम खानांना 72 तास. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तेवढीही झोंबते. दोन्ही वेळा भाषणाचा व्हिडिओ होता.

आपल्या माणसांना एक सांगते, राग आला तरी चालेल. मराठीत कागदपत्रं मागणं, भाषा टिकवू म्हणणं वेगळं. 1964 मध्येच सुप्रीम कोर्टानं त्याला गैर म्हटलं नाही. ‘ती कानडी, तिला मत देऊ नका’ हे मात्र 123(3) मध्येच बसतं.

आमच्याच बाजूच्या एका पोरानं कन्नड उमेदवार बाईवर चौकात तोंड टाकलं, तेव्हा ती माझ्याकडंच आली. मी अर्ज लिहून दिला, तर घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. कन्नडातला मजकूर तिनं लिहिला. शिवी मराठीतली होती, ती मला लिहावी लागली.