रोल केज: पाइपाआधी पाय बघा

जुन्या एस्टीम किंवा झेनला ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानातली वेळेविरुद्धची शर्यत) रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी पाइपांचा सांगाडा, घालायचा म्हटलं की सगळे पाइपाच्या जाडीवरच बोलतात. पण गाडी उलटली की केज बहुतेकदा पायाशी, म्हणजे तो फ्लोअरवर टेकतो तिथे, किंवा जोडाशी दगा देतो. पत्रा गंजका असेल, तर जाड पाइप फ्लोअर फोडून सरळ खाली जातो.

पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेसच (थंड ओढलेला, बिनजोडाचा) घ्या. एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमात मेन हूपला (चालकाच्या मागची उभी कमान) 45 × 2.5 किंवा 50 × 2 मि.मी. (बाहेरचा व्यास × जाडी), बाकीच्या पाइपांना 38 × 2.5 किंवा 40 × 2 लागतो. जिल्ह्याच्या गावी नाही मिळाला तर नागपुरात चौकशी करा, पण पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप लावू नका. त्याच्या जस्ताने वेल्डिंगला छिद्रं पडतात आणि धुरानं वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो.

बाक पाइपाच्या व्यासाच्या तिपटीहून कमी त्रिज्येचा नको. 45 च्या पाइपाला 135 मि.मी. बाकावर व्हर्नियर लावून लहान व्यासाला मोठ्या व्यासाने भागा. उत्तर 0.9 च्या खाली आलं तर तो पाइप बाद. म्हणजे 47 आणि 42 आले तरी बादच. सुरकुती पडली तर मोजायचीही गरज नाही.

आता पाय. आधी सीट, मॅट काढून फ्लोअर ब्रशने घासा. गंज निघाला तर तेवढा पत्रा कापून नवा लावा. मेन आणि फ्रंट हूपच्या (पुढच्या काचेजवळची कमान) प्रत्येक पायाखाली किमान 3 मि.मी. जाड, 120 चौ.सें.मी.ची (10 × 12 से.मी.) प्लेट फ्लोअरला वेल्ड करा आणि पाय तिच्यावर कमीत कमी तीन एम8 (8 मि.मी.), 8.8 या ताकदीच्या ग्रेडच्या बोल्टांनी आवळा. मागच्या तिरप्या पाइपांच्या पायाला 60 चौ.सें.मी. आणि दोन बोल्ट चालतात. ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराचा हात जाड प्लेटवर बसलेला असतो. पातळ पत्र्यावर तो भोक पाडतो. करंट कमी ठेवून, थांबत थांबत छोटे टाके मारायला सांगा.

छताजवळच्या जोडांना वरून वेल्डिंगचा हात पोचत नाही आणि तेवढा भाग कोराच राहतो. उपाय सोपा आहे: पायांखाली 50 मि.मी. उंचीचे पेटीसारखे ठोकळे ठेवून केज टॅक करा (तात्पुरते टाके मारा), ठोकळे काढून तो खाली उतरवा, वरचे जोड पूर्ण गोल भरा, मग उचलून ठोकळ्यांवर पक्का करा. हे ठोकळेही 3 मि.मी. प्लेटचेच हवेत. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. तेव्हा वेल्डिंग नुसतं वर बसतं, आत शिरत नाही. म्हणून त्याच पाइपाचे दोन तुकडे जोडा, मधून कापा आणि आत किती शिरलं ते डोळ्यांनी पाहा. बॅटरी आधीच सोडवा, टाकी उतरवा.

मेन हूपमध्ये तिरपा पाइप सक्तीचा. तो नसेल तर हूप एका बाजूला कलतो. पंखा किंवा कॅमेरा लावायला पाइपाला भोक पाडू नका, क्लॅम्प लावा. वाकलेला पाइप सरळही करू नका, बदला. हेल्मेट जिथे आपटेल तिथे एफआयए 8857-2001 चं पॅडिंग हवं. एसीच्या पाइपावरचा काळा फोम स्क्रूटिनीत (शर्यतीआधीची गाडीची तपासणी) काढायला लावतील, आणि ते बरोबरच आहे. रंगही स्क्रूटिनीनंतरच द्या, वेल्डिंग उघडं दिसू द्या.

ही गाडी बाजाराला नेऊ नका. हेल्मेटशिवाय डोकं पाइपावर आपटतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 (गाडीतले बदल) खाली आरटीओ वेगळाच हिशेब मागेल.