घिरट्या घालणाऱ्या विमानांची उतरंड कशी सांभाळावी

मुंबई विमानतळाच्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी त्यांतली एकच वापरता येते. पावसाळ्यात एखाद्या जोरदार सरीने दृश्यमानता घसरली की उतरणे थांबते. येणारी विमाने मात्र येतच राहतात आणि त्यांना ठरलेल्या बिंदूभोवती घिरट्या घालत थांबवावे लागते. यालाच होल्डिंग म्हणतात.

विमान त्या बिंदूवर पोहोचण्यापूर्वीच नियंत्रकाने वैमानिकाला कुठे थांबायचे, किती उंचीवर थांबायचे आणि उतरण्यासाठी पुढे कधी निघता येईल, हे सांगावे. नकाशात छापलेल्या होल्डिंगसाठी याहून जास्त सांगावे लागत नाही. सर्वसाधारण पद्धतीत वळणे उजवीकडे असतात आणि बिंदूकडे येणारी सरळ बाजू १४,००० फुटांपर्यंत एक मिनिटाची, त्याहून वर दीड मिनिटाची असते.

सगळी विमाने एकाच बिंदूभोवती फिरत असल्यामुळे त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवते ती केवळ उंची, आणि म्हणून दोन पातळ्यांत किमान १,००० फुटांचे अंतर राखलेच पाहिजे. मडक्यांच्या उतरंडीत वरचे मडके आधी काढावे लागते. आकाशातल्या उतरंडीत सर्वांत खालचे विमान आधी निघते आणि मग वरचे एकेक खाली सरकते. त्यामुळे प्रथम आलेल्या विमानाला शक्यतो सर्वांत खालची पातळी द्यावी. जेट विमान कमी उंचीवर अधिक इंधन जाळते, म्हणून एखाद्याने वरच थांबू देण्याची विनंती केली तर ती शक्यतो मान्य करावी. मात्र त्यामुळे त्याचा क्रमांक जाऊ देऊ नये. खालच्या विमानाने पातळी सोडल्याचे कळवल्याशिवाय ती वरच्याला देऊ नये, आणि हवा फार खवळलेली असेल तर खालचे विमान आणखी १,००० फूट उतरल्याचे कळेपर्यंत थांबावे.

कमी उंचीवर, वारा नसताना, एका फेरीला सुमारे चार मिनिटे लागतात. बिंदू ओलांडून नुकत्याच दूर निघालेल्या विमानाला बोलावले, तर तेवढा वेळ धावपट्टी रिकामी राहू शकते. म्हणून कोणते विमान फेरीत कुठे आहे हे आधीच पाहून त्याला लवकर आत वळवावे.

पुढे निघण्याच्या सांगितलेल्या वेळेबाबत मला विशेष आग्रह धरावासा वाटतो. वैमानिक इंधनाचा हिशेब त्याच वेळेवर मांडतो आणि रेडिओ बंद पडला तर त्याच वेळेच्या आधाराने उतरू लागतो. ती पाच मिनिटांनी किंवा त्याहून अधिक बदलली, तर विलंब न लावता कळवावी. वैमानिकाला बरे वाटावे म्हणून अलीकडची वेळ कधीही सांगू नये.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्ककडे निघालेले आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक काळ थांबवले गेले आणि इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळले. ७३ जण दगावले. वैमानिकांनी प्राधान्य मागितले होते, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती, आणि ती मागणी पुढच्या नियंत्रकापर्यंत पोहोचलीही नाही. आज ‘मिनिमम फ्युएल’ याचा अर्थ आणखी विलंब झाल्यास राखीव इंधनाला हात लागेल असा होतो, तर ‘मेडे फ्युएल’ म्हणजे आणीबाणी. यांपैकी एकही शब्द न वापरता वैमानिक इंधनाची काळजी बोलून दाखवू लागला, तर किती मिनिटांचे इंधन उरले आहे ते त्याला थेट विचारावे आणि विमान सोपवताना ते पुढच्या नियंत्रकाला तोंडी सांगावे.