पाच पत्त्यांत दोघांचा होकार: मनातले उत्तर न दाखवता निर्णय घेण्याची रीत

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात बागा लागून असलेले दोन बागायतदार आहेत आणि फवारणीचा ब्लोअर भागीत घ्यायचा की नाही, हे त्यांना ठरवायचे आहे, असे समजू. एकाने आधी ‘घेऊ या’ म्हटले, तर दुसरा मनात नसताना भिडेपोटी मान डोलावतो किंवा नकार देऊन वाईटपणा घेतो. दोघांचा होकार असेल तरच तो उघड व्हावा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला समोरच्याचे उत्तर कळू नये, यासाठी बर्ट डेन बोअर यांनी १९८९ मध्ये मांडलेली पाच पत्त्यांची रीत वापरता येते. तिला ना मध्यस्थ लागतो, ना मोबाइल.

पत्ते मात्र निवडून घ्यावे लागतात. तीन बदाम आणि दोन किलवर हवेत, आणि एका रंगाचे सगळे पत्ते हुबेहूब सारखे हवेत. म्हणून रविवार कारंज्यावरून एकाच छापाचे तीन नवे कॅट आणावेत. एक्का टाळावा, कारण त्यावरचे चिन्ह उलटे की सुलटे हे पत्ता उघडताच दिसते आणि तेवढ्यावरून तो कोणाचा हे ओळखता येते. दुर्री दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, तेव्हा बदामाच्या तीन आणि किलवरच्या दोन दुर्र्या घ्याव्यात. पाठीवरची नक्षीही तशीच असावी. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या नोटेवर क्रमांक असतो, तशी ओळखीची एकही खूण पत्त्यावर नको. आम्ही पहिल्यांदा घरातले जुने पत्ते वापरले, तेव्हा एका पाठीवरच्या चहाच्या डागाने सगळे गुपित फोडले होते.

प्रत्येकाने एक बदाम आणि एक किलवर घ्यावा. उरलेला बदाम सर्वांसमोर दाखवून मध्ये उपडा ठेवावा. मग एकाने त्याच्या डावीकडे व दुसऱ्याने उजवीकडे आपापले दोन पत्ते, कोणाला दिसणार नाहीत असे, उपडे मांडावेत: होकार असेल तर बदाम मधल्या पत्त्याला लागून, नकार असेल तर किलवर लागून.

आता पाचही पत्ते क्रम न बदलता गोळा करावेत आणि काटावेत, म्हणजे वरचे काही पत्ते उचलून तसेच खाली घालावेत. नेहमीच्या सवयीने पिसू नये. पिसल्याने क्रम मोडतो आणि उत्तर निरर्थक ठरते. पत्ते पाचच असल्याने किती उचलले हे डोळ्यांना सहज मोजता येते, म्हणून टेबलावर उपरणे पसरून त्याखाली हात घालून दोघांनी आळीपाळीने, मोजदाद सुटेपर्यंत काटावे.

शेवटी पत्ते गोलाकार मांडून उघडावेत. तिन्ही बदाम सलग आले, तर दोघांचाही होकार आहे. किलवर एकमेकांपासून सुटे असतील, तर निदान एक नकार आहे. पहिल्याचा नकार, दुसऱ्याचा नकार किंवा दोघांचाही नकार, या तिन्ही मांडण्या कागदावर काढून पाहिल्या, तर गोलात त्या एकच असल्याचे दिसते. फरक फक्त सुरुवात कुठून केली एवढाच असतो, आणि काटण्याने तोच पुसला जातो. या रीतीचे खरे मर्म मला इथेच वाटते.

अर्थात, ज्याने स्वतः होकार दिला आणि निकाल नकाराचा आला, त्याला समोरच्याचा नकार कळतोच. तो दोष पत्त्यांचा नाही. निकालातच ती माहिती असते. नकार देणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही.

तिसरा भागीदार असेल, तर ही रीत पुरत नाही, कारण तिचा निकाल उघडाच मिळतो. ताकाआकी मिझुकी आणि हिदेआकी सोने यांनी २००९ मध्ये दिलेल्या सहा पत्त्यांच्या रीतीत निकाल दोन उपड्या पत्त्यांच्या रूपात उरतो. तो न उघडता पुढच्या फेरीत जसाच्या तसा ठेवून तिसऱ्याचे उत्तर त्याला जोडता येते.