आडवी अक्कलदाढ काढायच्या आधी

"मॅडम, दाढ तं दिसतच नाई, मंग दुखते काहून?" कापूस वेचणीच्या दिवसांत गालाला पदर लावून येणाऱ्या बाया हमखास हे विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. मी आरसा धरून दाखवते: शेवटच्या दाढेमागे हिरडीची झापड आणि तिच्याखाली अर्धवट अडकलेली खालची अक्कलदाढ. तिथं घास अडकतो, झापड सुजते, जबडा धरतो.

घरीच एक बघा. तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जातात का? एकच जात असेल तर सूज आहे, नाहीतर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून खायची सवय. खर्ऱ्यानं गाल आतून ताठ झाला असेल तर सूज उतरूनही तोंड उघडत नाही, मग आमची हत्यारं मागे पोचणार कशी? म्हणून खर्रा लपवू नका. गालाला गरम शेक नको. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. हनुवटीखाली सूज आली, थुंकी गिळवेना, श्वास जड झाला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नका. दाढ कशी पडली आहे ते त्यात कळतं. पुढे कललेली सर्वांत जास्त आढळते. ती समोरच्या चांगल्या दाढेला मागून किडवते. आडवी असेल तर बहुतेक वेळा तुकडे करून काढावी लागते. मागे कललेली फोटोत साधी वाटते, पण काढायला तीच सगळ्यांत चिवट, कारण तिची निघायची वाट जबड्याच्या उभ्या हाडात शिरते. दाढ किती खोल आहे आणि त्या हाडापुढे तिला जागा किती, हे पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये लावून दिलेल्या वर्गवारीनं आम्ही आजही मोजतो.

मुळांखालून खालच्या ओठाची नस जाते. तिच्या नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, की मी स्वतः न काढता नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात पाठवते. ओठ बधिर राहण्याचा धोका असतो, तो आधीच विचारून घ्या.

ऑपरेशन म्हणून उपाशी येऊ नका. फक्त जागा बधिर करून काढायची असते, जेवून या. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, सगळं सांगा.

काढल्यावर अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरा. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. बाहेरून बर्फ लावा. गार वरण-भात, ताक चालेल, तर्री नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तेव्हा घाबरू नका. एका पोरानं तिसऱ्याच दिवशी खर्रा तोंडात टाकला. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली, हाड उघडं पडलं आणि कानापर्यंत ठणका गेला. रात्रभर तो ओसरीत बसून होता. त्याची माय सांगताना रडली.

टाके सातव्या दिवशी काढते. बाजाराचा दिवस असला तरी आधी दवाखान्यात या, थैली मागून भरा.