समुद्र, खाऊगल्ली आणि चौघांची कॉन्ट्री: दोन दिवसांची स्वस्त सहल कशी आखायची

सहल ठरायला लागली की ग्रुपमध्ये पहिला प्रश्न येतो, राहायचं कुठे? त्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि खाऊगल्लीतल्या शेगड्या किती वाजता पेटतात ते विचारून घ्या. या दोन वेळा हातात आल्या की खोली, गाडी, निघायची वेळ सगळं त्यांच्याभोवती बसवता येतं. आधी खोली ठरवून बसलात, तर किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत पाणी बंधाऱ्याला टेकलेलं असू शकतं. मग दोन तास काढायला जवळच्या हॉटेलात बसावं लागतं आणि बजेटला पहिली गळती तिथेच लागते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. शनिवारी सकाळी ९ ला भरती असेल तर ओहोटी दुपारी सव्वातीनच्या आसपास, आणि रविवारची सकाळची भरती दहाच्या सुमारास. वाळूवर खेळायला, लांबवर चालायला ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास सगळ्यात मोकळा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर येतं आणि तितकंच आतही जातं, त्यामुळे खडकांमधली डबकी, शिंपले बघायचे असतील तर तेच दिवस निवडा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी राहतो. किनारा अरुंद असेल तर भांगाचा शनिवार-रविवार बरा, कारण भरतीतही बसायला वाळू उरण्याची शक्यता जास्त.

पाणी सगळे सहा तास एकाच वेगाने चढत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या एकूण चढाचे १२ भाग धरा. पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या आणि चौथ्यात ३-३, पाचव्यात २, शेवटच्यात १. हा अंदाजाचा नियम आहे, पण बसायचं-उठायचं ठरवायला पुरतो. पहिल्या तासात ‘पाणी अजून लांब आहे’ असं वाटत राहतं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या अशा दोनच तासांत निम्मी भरती येते. खडकांच्या आड किंवा दोन सुळक्यांमधल्या छोट्या चौपाटीवर बसला असाल तर ओहोटीनंतर तासाभरात उठायला लागा. गाडी ओल्या वाळूवर नेऊच नका. रुतली आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर चाक आणखी खाली जातं. ती काढायला लागणारा ट्रॅक्टर साऱ्या सहलीची बचत गिळतो.

पोहायचं असेल तर जीवरक्षक हजर असतील त्याच वेळात. वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे जिथे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांमधला भाग त्यांच्या नजरेखाली असतो. नुसता लाल म्हणजे धोका जास्त, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा असेल तर जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मधलाच एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतोय, तर तिथे उतरू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात परत जात असतं. त्या ओढीत सापडलंच कुणी, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं. दम नसेल तर उताणं तरंगत हात वर करायचा. दारू प्यायलेल्याने त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, यावर ग्रुपमध्ये चर्चासुद्धा नको.

आता पैसे. खर्चाचे दोन वेगळे कप्पे करा. खोली, गाडी, टोल, पार्किंग हा ठरलेला खर्च, डोकी वाढली की वाटा कमी होतो. खाणं-पिणं डोक्यागणिक वाढतं, तिथे माणसं वाढवून काही वाचत नाही. म्हणून चौघं हा सगळ्यात सोयीचा आकडा: एक गाडी, सामानाला जागा, दोन खोल्या किंवा एक मोठी. पाचवा आला की गाडीत दाटी होते आणि जादा गादीचे किंवा तिसऱ्या खोलीचे पैसे लागतात. पाचव्याला नको म्हणू नका, पण त्याच्यामुळे एकूण खर्च किती वाढतोय ते बुकिंगआधी कागदावर मांडा.

ऐनवेळी टांग मारणारा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्यावर एकच नियम लागतो आणि तो पहिल्याच दिवशी सांगायचा: ज्याने ॲडव्हान्स दिला त्याची जागा पक्की, आणि गळला तर ठरलेल्या खर्चातला त्याचा वाटा परत नाही, बदली माणूस त्यानेच आणायचा. हे आधी सांगितलं तर कुणाला लागत नाही. नंतर सांगितलं की मैत्रीत कडवटपणा येतो.

राहण्याची जागा समुद्रापासून एक-दीड किलोमीटर आत घेतली की भाडं उतरतं, पण ती चालत जाण्याजोगी हवी. दिवसातून चार वेळा रिक्षा करावी लागली तर वाचलेलं भाडं तिथेच जातं, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. सकाळी लवकर पोहोचणार असाल तर खोली दुपारी मिळेपर्यंत सामान ठेवून घेतील का, अंघोळीची सोय आहे का, हे फोनवरच विचारा. रात्रभर गाडी चालवून एका रात्रीचं भाडं वाचवण्याच्या नादाला लागू नका. बस किंवा रेल्वे असेल तरच तो हिशेब चांगला.

सामानात दोन गोष्टी बहुतेक जण कमी नेतात. माणशी किमान २ लिटर पाणी. बाटल्या गोठवून नेणार असाल तर वर थोडी जागा ठेवा, बर्फ होताना पाणी फुगतं आणि झाकण उडतं. दुसरं सनस्क्रीन: मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी जवळपास ३० मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. चौघांत एक छोटी ट्यूब म्हणजे काहीच नाही. पूर्ण बाह्यांचे जुने सुती शर्ट घाला, सनस्क्रीनचा खर्च बराच खाली येईल.

खाऊगल्ली संध्याकाळी, समुद्र आटोपून आणि अंघोळ करून. आधी संपूर्ण गल्ली काहीही न घेता एकदा चाला, पंधरा-वीस मिनिटं लागतात. कुठे ताजं उतरतंय, कुठे नुसतं मांडून ठेवलंय, दर काय, बसायला जागा कुठे, हे तेवढ्यात कळतं. भूक सपाटून लागलेली असताना पहिल्याच गाडीवर चार प्लेट सांगणं ही सगळ्यात महाग चूक. पोट तिथेच भरतं आणि पुढची गल्ली नुसती बघायला उरते. चौघांत दोन प्लेट घ्या. असे सहा थांबे झाले तरी माणशी तीनच प्लेट होतात, म्हणजे एक पूर्ण जेवण. क्रमही महत्त्वाचा: आधी भाजलेलं-वाफवलेलं, मग तळलेलं, मग रस्सा किंवा भात, गोड शेवटी. तेलकट आधी खाल्लं की जीभ आणि पोट दोन्ही लवकर थकतात.

गर्दीचा जोर यायच्या अर्धा तास आधी पोहोचा. तेल ताजं असतं आणि विकणाऱ्याला बोलायला सवड असते. जिथे माल पटापट संपतोय आणि समोर गरम होऊन मिळतोय तिथे खा. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू वेगाने वाढतात, म्हणून दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंशांच्या वरच्या उकाड्यात तासापेक्षा जास्त उघड्यावर राहिलेलं सोडून द्या. कापून ठेवलेली फळं, कच्च्या चटण्या आणि बर्फ यांच्यापासून शक्यतो लांब राहा. मासे वजनावर असतील तर दर आधी विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या, आणि दर मासा साफ करण्याआधीच्या वजनावर की नंतरच्या, शिजवण्याचे वेगळे की त्यातच, हेही तिथेच मिटवा. बिलावर होणारे बहुतेक वाद या न विचारलेल्या प्रश्नांचे असतात. कुणाला शेंगदाणा किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर कढई एकच आहे का ते विचारा. पोट बिघडलंच तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट देत राहायचं. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर सरळ डॉक्टरकडे.

खर्चाचा हिशेब एकाच्याच हातात असू द्या. अंदाजाच्या तीन चतुर्थांश रक्कम निघण्याआधी गोळा करा, प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर टाका, आणि दारू, सिगारेट, खरेदी ज्याची त्याने वेगळी करावी. मूळ रक्कम संपली की लोक आपापल्या खिशातून भरत जातात, ते शेवटी असं मिटवा: अशा भरलेल्या रकमांची बेरीज ८,००० झाली तर चौघांत माणशी २,०००. एकाने ४,२०० भरले, दुसऱ्याने १,८००, उरलेल्या दोघांनी १,०००-१,०००. मग दुसऱ्याने पहिल्याला २००, बाकी दोघांनी १,०००-१,००० द्यायचे, तीन व्यवहारांत हिशेब संपतो. हे परतीच्या वाटेवर, गाडी न चालवणाऱ्याने, सगळे एकत्र असतानाच करा. सोमवारवर ढकललेली देणी महिनाभर लोंबकळत राहतात.